एक जुलैची लेकरं

समुद्रपूरहून गिरडकडे जाणाऱ्या एसटीतून मधल्या फाट्यावर उतरायचं आणि दोन कोस चालायचं, की सोनटेकडी. नत्थूजी गुरुजींनी हे दोन कोस किती हजार वेळा तुडवले असतील, त्याची मोजदाद नाही. आज, सत्त्याऐंशी साली, ते समुद्रपुरात मुलाच्या सिमेंटच्या घरात राहतात, नळाचं पाणी पितात आणि संध्याकाळी बसस्टँडपर्यंत जाऊन गिरडच्या गाडीकडे बघून परत येतात. कुणी विचारलं की म्हणतात, "पाय मोकळे कराले गेलतो." पाय कुठले, मन मोकळं करायला जातात. सोनटेकडीची दोन खोल्यांची शाळा, तिच्यावरचे टिनाचे पत्रे आणि पोरांचा गलका, सगळं त्यांना तिथं उभ्या उभ्या ऐकू येतं. आणि त्यातही फार करून ऐकू येतात ती दातांची वर्षं.

हो, दातांची. सोनटेकडीच्या लेकरांच्या दुधाच्या दातांची.

झालं असं, की चौऱ्याहत्तरच्या पावसाळ्यात ओमप्रकाशचं पत्र आलं. ओमप्रकाश म्हणजे गावच्या रूपरावचा धाकटा भाऊ, गुरुजींचा विद्यार्थी. आई तो तीन वर्षांचा असताना गेली, बाप त्यानंतर दोन वर्षांनी. पोरगं हुशार. गुरुजींनी त्याला चौथीनंतर स्वतः समुद्रपूरच्या शाळेत नेऊन घातलं, पुढं तो नागपूरला रसायनशास्त्र शिकला आणि आता मुंबईला एका मोठ्या प्रयोगशाळेत संशोधन करत होता. पत्रात लिहिलं होतं, "गुरुजी, मला आपल्या शाळेतल्या मुलांचे पडलेले दुधाचे दात पाहिजेत. जितके मिळतील तितके. प्रत्येक दातासोबत मुलाचं नाव आणि जन्मसाल."

गुरुजींनी पत्र तीनदा वाचलं. मग चष्मा पुसून चौथ्यांदा वाचलं, तरी दातच होते.

पत्राच्या मागच्या पानावर त्यानं समजावून सांगितलं होतं. एकसष्ट-बासष्ट साली मोठ्या देशांनी हवेत अणुबॉम्ब फोडून पाहिले, कुणी बेटांवर, कुणी बर्फात. त्याची धूळ वर आभाळात गेली आणि वर्ष दोन वर्षं साऱ्या पृथ्वीवर पावसासोबत उतरत राहिली. त्या धुळीत स्ट्राँशियम नावाचा एक किरणोत्सारी धातू असतो. तो गवतात जातो, गवतातून गाईच्या दुधात, दुधातून लेकरांच्या हाडांत आणि दातांत. शरीराला तो चुन्यासारखाच वाटतो, म्हणून शरीर त्याला घरात घेतं. अठ्ठावीस वर्षांनी तो निम्मा होतो, पुढच्या अठ्ठावीस वर्षांनी त्याच्या निम्मा. दुधाचा दात बाळ पोटात असताना आणि पहिल्या वर्षात तयार होतो, त्यामुळे त्या वर्षी आभाळातून किती पडलं याची नोंद त्या दातात राहते. "म्हणून जन्मसाल बरोबर पाहिजे गुरुजी," त्यानं खाली रेघ मारून लिहिलं होतं. "शहरांतले दात मिळतात, पण तिथं जन्मसाल सांगणाऱ्यावर माझा भरवसा नाही. तुमच्यावर आहे."

गुरुजींची छाती दोन इंच फुगली. गावात त्यांच्या शब्दाला तशी किंमत होतीच. शेताच्या धुऱ्यावरून भांडण झालं की लोक म्हणायचे, "गुरुजीले इचारा, ते खोटं बोलत नाई." त्यांनी सांगितलं की विषय संपला.

आता दात गोळा करायचे म्हणजे आयांशी गाठ होती. पडलेला दात घराच्या छपरावर, कवेलूंवर फेकायचा, ही गावाची रीत. तो घराबाहेर गेला तर नवा दात वाकडा येतो, असं सारे मानत. रूपरावची बायको मनकर्णाबाई, म्हणजे ओमप्रकाशची वहिनी, दिराचं काम असूनही ठाम होती. "भाऊजीले सांगा, दुसरं काई मागा. माह्या नलूचे दात आधीच वाकडे हायत."

तोड तिनंच काढली. शाळेचे पत्रे उतरते होते. दात छपरावर पडायला पाहिजे, एवढंच ना? मग पोरांनी तो शाळेच्या छपरावर फेकावा. रीत पाळली जाईल, आणि दात पत्र्यावरून घरंगळत खाली आला, की तो गुरुजींचा. झालं! दर शनिवारी शाळा सुटताना हा सोहळा व्हायचा. पोरं रांगेत उभी राहायची, एकेक जण दात वर भिरकावायचा, पत्र्यावर टण्ण वाजायचं, मग टुण टुण टुण करत दात कडेला यायचा आणि गुरुजी धोतराचा सोगा पसरून झेलायचे. एकदा एक सुळा पत्र्याच्या खिळ्यात अडकला, तर पंचावन्नी उलटून गेलेले हेडमास्तर शिडी लावून वर चढले. खाली अख्खी शाळा टाळ्या पिटत होती. ते शनिवार आठवले की गुरुजी आजही एकटेच हसतात आणि सून आतून विचारते, "काय झालं मामाजी?"

प्रत्येक दात कागदाच्या पुडीत. पुडीवर सुंदर अक्षरात नाव आणि जन्मसाल. जन्मसाल शाळेच्या दाखल रजिस्टरातून उतरवलेलं. दीड वर्षात चारशेच्या वर दात मुंबईला गेले. आणि शहात्तरच्या मार्चमध्ये ओमप्रकाशचं ते दुसरं पत्र आलं.

एका दातात ते स्ट्राँशियम इतकं थोडं असतं की मोजताच येत नाही. म्हणून एकाच सालच्या पंचवीस-तीस पोरांचे दात एकत्र जाळायचे, त्यांची राख आम्लात विरघळवायची, त्यातून तेवढंच वेगळं काढायचं आणि जाड शिश्याच्या पेटीत ठेवून त्याची टिकटिक मोजत बसायचं. ओमप्रकाशनं प्रत्येक पोराचा एक दात जाळला होता आणि दुसरा राखून ठेवला होता. त्यानं लिहिलं, "दुसऱ्या सगळ्या ठिकाणी आकडा बासष्टपासून चढतो, त्रेसष्ट-चौसष्टला सगळ्यात वर जातो आणि मग उतरतो. आपल्याच गावचा सपाट आला आहे, साऱ्या वर्षी सारखाच. माझे मार्गदर्शक म्हणतात, जन्मसालं घोळलेली दिसतात, सोनटेकडीचे दात टाकून द्या. मी त्यांना म्हटलं, साहेब, बाकी कशातही चूक असेल, सालात नाही. ती आमच्या गुरुजींनी लिहिली आहेत. राखलेले दात जाळायचे आहेत. ते एकदाच जाळता येतील. तेही असेच आले, तर माझी तीन वर्षं वाया गेली. मे महिन्यात येतो, सोबत बसून शोधू."

गुरुजी खुर्चीत बसले. शाळेत पोरं पाढे म्हणत होती.

कारण काय झालं होतं ते त्यांना एका क्षणात कळलं. ते तुम्हालाही सांगायला हवं.

दर जूनमध्ये गुरुजी दाखल रजिस्टर काखेत मारून दारोदार जायचे. "पोट्टी किती वर्साची?" असं विचारलं की आई म्हणायची, "असंन सा-सात." मग गुरुजी पोराचा उजवा हात धरून डोक्यावरून पलीकडे न्यायचे. हाताला डावा कान लागला, की पोर सहा वर्षांचं. नाही लागला तर पुढच्या वर्षी. कान लागला की सहा वर्षं वजा करायची आणि लिहायचं, जन्मतारीख एक जुलै. पोर उशिरा शाळेत आलं असेल, तर गुरुजी मायेनं आणखी एक-दीड वर्ष कमी करायचे. पुढं मॅट्रिक होईल, नोकरी लागेल, दोन वर्षं जास्त मिळतील, त्याचं भलं होईल. हाडकुळ्या पोरांचे हात आखूड, त्यांना कान दोन वर्षं उशिरा लागायचा. अशी तीस वर्षं. जिल्ह्यात दुसरीकडेही हेच चालायचं, पण त्यानं काय होतं? लिहिणाऱ्यालाच पुढं आपलं अक्षर खरं वाटायला लागतं. पुडीवर साल उतरवताना गुरुजींच्या मनात एकदाही आलं नव्हतं, की हे आपणच रचलेलं आहे.

आणि सगळ्यात वाईट गोष्ट पुढंच होती. ओमप्रकाश दर एक जुलैला वाढदिवस करायचा. नागपूरच्या वसतिगृहात असताना त्यानं एकदा पत्रात लिहिलं होतं, "आज माझा वाढदिवस, मित्रांना जिलबी खाऊ घातली." सांगायला आई नव्हती, आणि गुरुजींनी रजिस्टरात लिहिलेलं खोटं असेल असं त्याला वाटणं शक्य नव्हतं. गुरुजींनी ते पत्र वाचून हसून ठेवून दिलं होतं.

दीड-दोन महिने ते पत्र गुरुजींच्या कोटाच्या खिशात राहिलं. एकदा वाटलं, गप्प बसावं. दात टाकून देतील, देऊ देत, चारशे दातांनी कोणाचं काय अडतं? रिटायर व्हायला एक वर्ष उरलं होतं. रजिस्टरातल्या तारखा मनच्या आहेत हे आपल्या हातानं लिहून दिलं आणि वरच्या ऑफिसात कुणी धरून बसलं, तर शेवटच्या वर्षी तोंड काळं व्हायचं. आणि ऑफिस गेलं चुलीत, त्या पोराला कोणत्या तोंडानं सांगायचं? "माझा भरवसा तुमच्यावर आहे," हे त्यानं लिहिलेलं वाक्य गुरुजींना पाठ झालं होतं. ते विसरायची काही सोय नव्हती.

मे महिन्यात ओमप्रकाश आला. गुरुजी त्याला घ्यायला भर उन्हात फाट्यावर गेले. बॅग त्यांनी जबरदस्तीनं आपल्याकडे घेतली. अर्धा कोस दोघंही पावसाचं, पिकाचं बोलत राहिले. नाल्यापाशी गुरुजी थांबले.

"ओमप्रकाश, सालं चुकीची हायत."

"कोणती?"

"सारी. म्या अंदाजानं लिवली. कान पाहून."

ओमप्रकाश आधी हसला. मग गुरुजींच्या चेहऱ्याकडं बघून त्याचं हसणं थांबलं. त्यानं विचारलं ते दातांचं नव्हतंच.

"मंग माहीबी तारीख?"

"तुहीबी."

"एक जुलै नाई?"

"नाई रे बाबा. सत्तेचाळीसबी नसंन बहुतेक. तू उंच होता, पन उशिरा आलता. म्या कमी केलं."

"मंग मी कवाचा, गुरुजी?"

तीस वर्षं ज्यांनी साऱ्या गावाला जन्मतारखा वाटल्या, त्यांना एक खरी तारीख सांगता येईना. ओमप्रकाशनं त्यांच्या हातातून बॅग काढून घेतली आणि तो पुढं चालायला लागला. रागावला होता की वाईट वाटलं होतं, ते पाठीवरून कळत नव्हतं. गुरुजींना त्या दीड कोसाइतकं लांब अंतर पुन्हा कधी लागलं नाही.

घरी मनकर्णाबाईनं दोघांना पाणी दिलं, चेहरे पाहिले आणि खोदून खोदून सगळं काढून घेतलं. ऐकून ती कपाळाला हात लावून म्हणाली, "एवढंच ना? त्यात काय हाय? तारखा आमाले पुसा. दुखलं आमचं पोट, अन् तारीख पुसता रजिस्टराले!"

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या ओसरीवर सगळ्या आया जमल्या. रामबाई सुद्धा आली. रामबाई म्हणजे गावची सुईण, टेकडीखालच्या गोंडांच्या घरांपैकी. घरी त्यांच्या भाषेत बोलायची, बाहेर आपल्या. सोनटेकडीतलं तिशीपर्यंतचं प्रत्येक माणूस आधी रामबाईच्या हातात पडलं होतं, मग जमिनीवर.

गुरुजी उभे राहिले. "बायांनो," ते म्हणाले, "म्या रजिस्टरात जे लिवलं, ते अंदाजानं लिवलं. मले माफ करा. आता खरं सांगा." आणि त्यांनी रजिस्टर उघडून वाचायला सुरुवात केली. एक जुलै चौसष्ट, अमुक. एक जुलै चौसष्ट, तमुक. एक जुलै चौसष्ट...

"थांबा जी," रामबाई म्हणाली. "एका दिवशी किती झाले?"

गुरुजींनी मोजलं. "एकोणीस."

"एकोणीस बाळंतपणं, अन् सुईण मी एकटी! गुरुजी, त्या दिवशी मले चा तरी भेटला का नाई कोनाच्या घरी?"

ओसरी हसण्यानं दणाणली. गुरुजीसुद्धा हसले. ओमप्रकाश मात्र हसला नाही. तो खाली मान घालून वहीवर रेघा आखत होता.

मग कामाला सुरुवात झाली, आणि तसं काम गुरुजींनी जन्मात पाहिलं नव्हतं. बायांनी रजिस्टराला हात लावला नाही. त्यांनी पोरांनाच ओसरीवर एका रांगेत उभं केलं, थोरलं पुढं, धाकटं मागं. "तुहा शिवा माह्या पोट्टीच्या सव्वा महिन्यानं. तू बाळंत झाली तवा मी बाजेवरून उठलीच होती." "नाई व, तवा कापूस घरात होता." "हाव, बरोबर. हे पोट्टं मागं सरकव." बासष्टला आठ ग्रह एका राशीत आले त्या अष्टग्रहीच्या वेळी कोण पोटात होतं, चीनची लढाई लागली तेव्हा कोणतं तान्हं पायात वाळे घालून रांगत होतं, नेहरू गेले त्या दिवशी कुणाला कळा सुरू झाल्या, सगळं बाहेर येऊ लागलं. दोघींचं जमेना तिथं रामबाई निकाल द्यायची. पोरं पुढं मागं सरकत होती. दुपारपर्यंत रांग जमली आणि रजिस्टरातली धाकटी नलू, पासष्ट सालची, दोन वर्षं थोरली होऊन त्रेसष्टच्या पोरांत उभी राहिली.

"पोळा झाल्यावर तिसऱ्या दिवशी," मनकर्णाबाई म्हणाली. "बैलायचे शिंग अजून रंगलेले होते. तिचा हात आखूड, त्याले ती काय करन?"

असे अकरा दिवस गेले. साऱ्या पोरांची सालं, बहुतेकांचे महिने, आणि कितीकांचे दिवस सुद्धा लागले. शेवटच्या दिवशी बाया उठायला लागल्या तशी रामबाई ओमप्रकाशपाशी येऊन बसली.

"तू नाई इचारलं तुहं."

ओमप्रकाशनं वर पाहिलं.

"संक्रांतीचा दुसरा दिवस. शेचाळीस म्हनतात ना, ते साल. थंडी अशी का कुडकुडून राह्यलती मी. तुही माय तुरीच्या वावरातून चालत आली, कोनाले बोलली नाई. तू झाला तं तिनं मले इचारलं, 'बाई, पोराचे हात-पाय गरम हायत ना?' अन् आपल्या आंगावरच्या लुगड्याचा पदर फाडून तुले गुंडाळलं."

आईबद्दल इतकं ओमप्रकाशला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. तीस वर्षांचा तो बाप्या माणूस रामबाईच्या गुडघ्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडला. गुरुजी ओसरीच्या कोपऱ्यात उभे होते. थोड्या वेळानं तो डोळे पुसत त्यांच्यापाशी आला आणि म्हणाला, "गुरुजी, तुमी चूक कबूल नसती केली, तं हे मले कधीच भेटलं नसतं." आणि वाकून त्यानं पायाला हात लावला. आता रडायची पाळी गुरुजींची होती, आणि ते मनसोक्त रडले.

जाताना तो चाचरत म्हणाला, की साहेबांना सालं कशी ठरवली ते लेखी लागेल, सहीनिशी. गुरुजींनी तिथंच बसून लिहून दिलं. "मी, नत्थूजी, हेडमास्तर, सोनटेकडी, लिहून देतो की आधी पाठवलेली सालं माझ्या अंदाजाची होती. सोबतची सालं मुलांच्या आयांनी आणि सुईण रामबाई हिनं सांगितलेली आहेत आणि तीच खरी आहेत." सहीचं अक्षर जराही बिघडलं नाही. त्यापुढं वर्षभर पोस्टमन दिसला की ते आधी पाकिटावरचा शिक्का बघायचे. वरच्या ऑफिसातून काही आलं नाही. सत्त्याहत्तरला नारळ, शाल घेऊन गुरुजी सुखरूप रिटायर झाले.

एक काळजी तेवढी राहिली. राखलेले दात जळाले असतील. रेघ काय आली असेल? बायांची आठवण खरी निघेल ना? नाही निघाली, तर त्या पोराची वर्षं बुडाली आणि बुडवणारे आपणच. दिवसातून एकदा तरी गुरुजी देवाला म्हणायचे, त्रेसष्ट-चौसष्टला रेघ वर जाऊ दे. दुसरं काही मागत नाही.

ऐंशी सालच्या दिवाळीत ओमप्रकाश आला. प्रबंध पुरा झाला होता, नावापुढं डॉक्टर लागलं होतं. रेडिओवर नुकतंच सांगितलं होतं, की चीननं हवेत आणखी एक बॉम्ब फोडला. रूपरावच्या अंगणात त्यानं बाजेवर एक मोठा कागद पसरला. त्यावर एक काळी रेघ. एकसष्टला खाली होती, मग चढत चढत त्रेसष्ट-चौसष्टला टेकडीसारखी वर गेली होती आणि अडुसष्टपर्यंत हळूहळू उतरत आली होती.

"देशात कुठं इतकी साफ रेघ नाई आली गुरुजी," तो म्हणाला. "साहेबानं इचारलं, असे चोख जन्मसाल कोण देल्ले? म्या म्हटलं, आमच्या गावच्या बायायनं."

गुरुजींना काय करू आणि काय नको झालं. साठी उलटलेले गुरुजी अंगणातून ओरडले, "मनकर्णाबाई! अवो, या, रामबाईले बोलवा! तुमचं बरोबर निघालं!"

बाया आल्या. ओमप्रकाशनं रेघ दाखवली. रामबाईनं बोटं मोडून कागदावरून ओवाळून टाकली. सगळ्या हसत होत्या. मनकर्णाबाईनं वाकून त्या उंच जागेवर बोट ठेवलं.

"हे कोनाचं हाय, भाऊजी?"

"त्रेसष्ट-चौसष्टच्या पोरायचं."

"म्हंजे माह्या नलूचं. अन् हे इतकं वर काऊन हाय?"

गुरुजींच्या तोंडावरचं हसू तिथंच राहिलं. चार वर्षं देवाजवळ आपण काय मागत होतो, ते त्यांना तेव्हा पहिल्यांदा समजलं.

ओमप्रकाश हळूच म्हणाला, "ते बॉम्बची धूळ हाय वहिनी. जितकी जास्त, तितकी रेघ वर."

"ते तिच्या दातात कुठून आलं?"

"पावसातून. गवतातून. दुधातून."

"दूध तं मीच पाजलं," मनकर्णाबाई म्हणाली. ती खाली बसली. नलू सतरा वर्षांची होती, समुद्रपूरच्या हायस्कुलात जात होती. ती दारातून ऐकत होती.

"वहिनी, भेवाचं काई नाई. लय थोडं हाय. इतकं थोडं का मोजाले मले सा वर्ष लागले. पोरीले काई होणार नाई."

"थोडं हाय, तं मंग मोजलं काऊन?"

"कोनी मोजलं नाई, तं ते म्हनतील का काई पडलंच नाई."

मनकर्णाबाई गुरुजींकडं वळली. आवाजात राग नव्हता. "गुरुजी, तुमी आमच्या लेकरायच्या तारखा चुकवल्या. पन दारात येऊन चुकवल्या. हात धरला, कान पाह्यला, पोरीचं पुढं कसं होईन म्हनून दोन वर्ष कमी लिवलं. ज्यायनं हे फोडलं, त्यायनं माही पोट्टी कवा पाह्यली होती?"

"कवाच नाई, बाई," गुरुजी म्हणाले.

"मंग त्याच्यावर नावं लिवा. नुसतं त्रेसष्ट-चौसष्ट नोका लिवू. कोनाले पाह्यलं नाई, ते तरी समजंन त्यायले."

ओमप्रकाशनं खिशातून पेन काढून गुरुजींच्या हातात दिलं. गुरुजी बाजेपाशी उकिडवे बसले. त्या उंच जागेच्या बाजूला, शाळेच्या रजिस्टरात लिहायचे त्याच वळणदार अक्षरात, त्यांनी एकेक नाव आणि त्याची खरी तारीख लिहायला घेतली. बाया सांगत होत्या आणि ते लिहीत होते. चव्वेचाळीस पोरं होती. पहिलं नाव त्यांनी लिहिलं, नलू रूपराव, पोळ्यानंतरचा तिसरा दिवस.